राहण्याजोगे, पण कुणाला?

अमेरिकेतले उत्तम शहर कोणते आणि वाईट कोणते, हा वाद जुना आहे. मी तो पिट्सबर्गच्या इतिहासात तपासतो. १८६८ मध्ये जेम्स पार्टन यांनी ‘अटलांटिक मंथली’त या धुरकट उद्योगनगरीला नरकाची उपमा दिली. पुढे पोलाद वाढले, तसा धूरही. भरदिवसा रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. १९४१ मध्ये धूरनियंत्रणाचा कायदा झाला. महायुद्धानंतर तो अमलात आला आणि आकाश निवळले. १९८५ मध्ये ‘प्लेसेस रेटेड अल्मनॅक’ने याच पिट्सबर्गला राहण्यासाठी पहिला क्रमांक दिला. त्याच सुमारास तिथले पोलाद कारखाने बंद पडत होते. १९८६ मध्ये शेजारच्या होमस्टेडचा प्रचंड कारखानाही थांबला. हवा सुधारली, मात्र पोटासाठी हजारोंना गाव सोडावे लागले. क्रमवारीत शहराला गुण मिळतात, तिथून उठलेल्या बिऱ्हाडांची मोजदाद होत नाही.