ऊस तोडणी व वाहतूक व्यवस्थापन (बारामती–इंदापूर)

फडातला पक्व ऊस साखर कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत (ऊस गाळपासाठी सोडण्याच्या जागेपर्यंत) वेळेत पोचवण्याची व्यवस्था. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पुणे जिल्ह्याच्या बारामती-इंदापूर भागात ऊसशेती वाढली. माळेगाव व सोमेश्वर हे बारामती तालुक्यातले, तर भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा हे इंदापूर तालुक्यातले सहकारी कारखाने.

सारा प्रश्न वेळेचा. तुटलेला ऊस उन्हात वाळून त्याचे वजन घटते, साखरेचे विघटन होऊन साखर उतारा पडतो. म्हणून २४ तासांच्या आत गाळप इष्ट मानतात. लागणीची तारीख आणि जात यांच्या नोंदीवरून तोडणीचा क्रम लागतो. पक्वता रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (रसातल्या विद्राव्य घटकांचे प्रमाण) पाहून ठरते. कारखान्याची तोडणी चिठ्ठी मिळाली की तोडणी मजुरांची टोळी फडात उतरते, बुडख्याशी कोयता घालते, वाढे छाटते, मोळ्या बांधून गाडी भरते. काट्यावर आधी भरलेली, मग रिकामी गाडी तोलली जाते.

गाळप अहोरात्र चालते, हाताने तोडणी मुख्यतः दिवसा. त्यामुळे गाडीतळावरची रांग हाच रात्रीचा साठा ठरतो. रांग संपली तर गव्हाण रिकामी, लांबली तर ऊस वाळतो. तोडणी-वाहतुकीच्या संगणकीय वेळापत्रकाचा खरा कस इथेच लागतो. टोळीच्या मुकादमाला दिलेली उचल (आगाऊ रक्कम) आणि बीड-अहिल्यानगरकडून येणाऱ्या टोळ्यांची अनिश्चितता मात्र कोणत्याही गणितात नीट बसत नाही. टोळीला पर्याय असलेल्या तोडणीयंत्राला रुंद सरी लागते. तुकड्यांच्या शेतात ते वळायलाच अडते.

संगणकाचा वापर शेतातही होऊ लागला आहे: बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला असून त्यात उपग्रहचित्रे आणि शेतातल्या संवेदकांची माहिती वापरली जाते.