तळटीप १४ : ‘गॅप नॉर्मल, म्हणजे सोडा गेला’
१४. इथली ‘गॅप’ म्हणजे ॲनायन गॅप. रक्तातल्या सोडियमच्या आकड्यातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट (लेखकाचा ‘सोडा’) वजा केले की उरतो तो फरक. लिटरला साधारण ८ ते १२ मिलिइक्विव्हॅलंट. लॅक्टिक आम्ल किंवा कीटोन साचले की तो वाढतो. पटकीत वेगळे घडते. पेजेच्या निवळीसारख्या जुलाबांतून बायकार्बोनेटच वाहून जाते, त्याची जागा क्लोराइड घेते. रक्त आम्ल होते, पण गॅप हलत नाही. खाटेवरचा रोगी दमा नसताना खोल, भराभर श्वास घेतो तो या आम्लामुळे. पटकीच्या रोग्याच्या रक्तातले पाणी आणि सोडा घटतात, हे विल्यम ओशॉनेसीने १८३१-३२च्या इंग्लंडमधल्या साथीत दाखवले; १८३२ मध्ये लीथला टॉमस लाटाने मीठ व सोड्याचे पाणी शिरेतून देऊन मरणाच्या दारातली माणसे उठवली.

लेखकाचे ‘म्हणजे’ मात्र घाईचे आहे. मूत्रपिंडाच्या नलिका आम्ल बाहेर टाकेनाशा झाल्या, काचबिंदूसाठी ॲसिटाझोलमाइड चालू असले, किंवा नॉर्मल सलाइन भरमसाट चढवले, तरी आकडे असेच येतात. सलाइनमध्ये लिटरला १५४ क्लोराइड असते, रक्तात शंभराच्या आसपास. उलट पटकी विकोपाला गेली, अंग गार पडले, की लॅक्टेट साचून गॅप वाढतेही.