खेळण्यावरील छाप बोलूं लागते

मालावर छाप मारण्याची चाल फार जुनी आहे. कापडाच्या ठाणावर, कुलुपावर किंवा औषधाच्या बाटलीवर जें चिन्ह असतें, त्याचा अर्थ एवढाच कीं, हा माल अमक्यानें केला असून त्याच्या बऱ्यावाइटाची जबाबदारी त्याची आहे. ही छाप मुकी असते. ती गिऱ्हाइकाला हांक मारीत नाहीं. गिऱ्हाईकच तिला शोधीत येतें. खेळण्यांच्या व्यापारांत मात्र एक गोष्ट निराळी आहे. येथें जो खेळतो तो पैसे देत नाहीं, आणि जो पैसे देतो तो खेळत नाहीं. म्हणून खेळण्यावरील छापेनें कोणाशीं बोलावें, आईबापांशीं कीं मुलांशीं, हा प्रश्न या व्यापारांत पहिल्यापासून आहे. टेलिव्हिजन आल्यावर त्याचें उत्तर एकाएकीं बदललें. मुकी छाप हलूं लागली, गाऊं लागली, आणि आईबापांना ओलांडून तिनें मुलांशीं थेट संभाषण सुरू केलें. हा पालट कसा घडला, हें अमेरिकेंतील मॅटेल या कंपनीच्या इतिहासावरून आज आपण पाहूं.

मॅटेलची स्थापना १९४५ सालीं दक्षिण कॅलिफोर्नियांत झाली. हॅरल्ड मॅट्सन व एलियट हँडलर या दोघां भागीदारांच्या नांवांतील अक्षरें जुळवून कंपनीचें नांव तयार करण्यांत आलें. एलियटची पत्नी रूथ हँडलर ही विक्रीची बाजू सांभाळीत असे. प्रारंभीं हा कारखाना तसबिरींच्या चौकटी करी. चौकटींतून उरलेल्या तुकड्यांपासून बाहुलीघराचें सामान करावें अशी कल्पना निघाली, आणि त्यांतून खेळण्यांचा धंदा उभा राहिला. मॅट्सन लवकरच भागीदारींतून बाहेर पडला. नांवांत मात्र तो कायमचा राहिला.

त्या काळीं कारखानदाराची गांठ मुलाशीं कधींच पडत नसे. तो आपला माल घाऊक व्यापाऱ्यांना दाखवी, व्यापारी तो दुकानदाराला देई, आणि नाताळच्या हंगामांत आईबाप दुकानदाराच्या सल्ल्यानें खेळणें निवडीत. १९५२ सालीं हॅस्ब्रो कंपनीनें ‘मिस्टर पोटॅटो हेड’ हें खेळणें टेलिव्हिजनवर जाहीर केलें. खऱ्या बटाट्याला टोंचावयाचे नाक, डोळे व कान असें त्याचें स्वरूप होतें. टेलिव्हिजनवर जाहिरात झालेलें पहिलें खेळणें म्हणून त्याची नोंद झाली आहे. परंतु वर्षाचे बाराही महिने मुलांशीं बोलत राहावें, हें धाडस त्यावेळीं कोणी केलें नव्हतें.

तें मॅटेलनें केलें. १९५५ सालीं वॉल्ट डिस्नेची ‘मिकी माउस क्लब’ ही मुलांची मालिका एबीसी या टेलिव्हिजन संस्थेवर सुरू व्हावयाची होती. वर्षभर तिचे पुरस्कर्ते होण्यासाठीं हँडलर दांपत्याकडे पांच लक्ष डॉलर मागण्यांत आले. कंपनीची एकंदर मत्ताच सुमारें तेवढी होती. तरीही त्यांनीं होकार दिला. ३ ऑक्टोबर १९५५ रोजीं मालिकेचा आरंभ झाला. मॅटेलच्या पहिल्या जाहिरातींत ‘बर्प गन’ नांवाची टिकल्यांची बंदूक घेतलेला एक मुलगा आपल्याच बैठकीच्या खोलींत हत्तींची शिकार करतांना दाखविला होता. जाहिरात बंदुकीची होती. पण तिनें विकावयास काढली ती मुलाची कल्पनासृष्टि. पहिले कित्येक आठवडे व्यापारांत कांहींच हालचाल दिसेना. मग नोव्हेंबरअखेर मागण्यांचा लोंढा सुरू झाला आणि नाताळापर्यंत दुकानांतील साठा संपला. मुलें दुकानांत येऊन खेळण्याचें नांव घेऊन तें मागूं लागलीं होतीं. दुकानदाराच्या सल्ल्याचा काळ येथें संपला.

आतां छापेकडे वळूं. नांव मुलांच्या तोंडीं बसवावयाचें तर केवळ अक्षरें पुरेशीं नव्हतीं. ज्यांना अजून वाचतां येत नाहीं अशीं मुलेंही पडद्यासमोर बसलेलीं होतीं. म्हणून मॅटेलच्या जाहिरातींना एक छोटें यमकबद्ध गीत जोडण्यांत आलें. त्यांत कंपनीच्या नांवाशीं जुळणारा प्रशंसेचा शब्द होता, व तें ऐकतांच माल कोणाचा हें कळे. गीताच्या जोडीला चित्र आलें. डोक्यावर मुकुट घातलेला एक हंसरा मुलगा ही कंपनीची छाप होती, व त्याचें नांव मॅटी मॅटेल. कागदावर तो निश्चल होता. पडद्यावर तो हलूं लागला. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदांत चोवीस चित्रें सरकतात. प्रत्येक चित्र नव्यानें काढणें अतिशय खर्चाचें असल्यामुळें टेलिव्हिजनसाठीं काम करणारे चित्रकार बहुधा देह स्थिर ठेवून केवळ ओठ, डोळे वा हात हलवीत. एवढ्या अल्प हालचालीनेंही छापेला जीव आल्याचा भास होतो, आणि चार वर्षांच्या मुलाला तेवढा भास पुरतो.

पुढची पायरी १९५९ च्या ऑक्टोबरांत आली. एबीसीवर मॅटेलच्या पुरस्कारानें ‘मॅटीज् फनडे फनीज्’ नांवाची व्यंगचित्रपटांची मालिका सुरू झाली. तिचे निवेदक म्हणजे मॅटी मॅटेल व त्याची बहीण सिस्टर बेल. या दोघांनीं यावें, मुलांचें स्वागत करावें आणि कॅस्परसारख्या लोकप्रिय पात्रांचीं जुनीं चित्रें दाखवावींत, अशी योजना होती. कंपनीची छापच आतां यजमान होऊन घरांत आली. १९६० मध्यें मॅटेलनें दोरी ओढतांच बोलणारी ‘चॅटी कॅथी’ ही बाहुली बाजारांत लोकप्रिय केली. तिच्या पोटांत एक लहानशी ध्वनिमुद्रिका बसविलेली असे. लगेच पुढच्या वर्षीं त्याच युक्तीनें बोलणारे मॅटी व सिस्टर बेल हेही विक्रीस आले. अशा रीतीनें एक वर्तुळ पुरें झालें. मालावर छाप होती. छापेचें पात्र झालें. पात्राचा निवेदक झाला. आणि निवेदकाचा पुन्हां माल झाला. या वर्तुळांत जाहिरात कोठें सुरू होते व कोठें संपते, हें सांगणें जाणत्या माणसालाही कठीण. मग बालकाची काय कथा?

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. जाहिरात पाहतांना जाणतें माणूस मनांतल्या मनांत वजाबाकी करीत असतें. बोलणारा विकणारा आहे, तेव्हां त्याच्या स्तुतींतून थोडें कमी करावें, हें त्याला अनुभवानें ठाऊक असतें. लहान मुलाला ही वजाबाकी येत नाहीं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनें नेमलेल्या अभ्यासगटानें २००४ सालीं पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घेऊन असा निष्कर्ष दिला कीं, सुमारें आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागील मन वळविण्याचा हेतु नीट उमगत नाहीं. त्यांच्या लेखीं मॅटी हा विक्रेता नसतो. तो मित्र असतो. मित्राच्या शब्दावर कोण संशय घेईल?

या प्रश्नाला पहिली वाचा फुटली ती मात्र नीतीच्या आग्रहानें नसून धंद्यांतील स्पर्धेनें. १९६८ सालीं मॅटेलनें ‘हॉट व्हील्स’ या छोट्या मोटारी काढल्या. पुढच्याच वर्षीं त्याच नांवाची व्यंगचित्रमालिका एबीसीवर आली. टॉपर या प्रतिस्पर्धी खेळणी-कंपनीनें तक्रार केली कीं, ही मालिका नसून अर्ध्या तासाची जाहिरातच आहे. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या सरकारी आयोगानें ती गंभीरपणें घेतली, व अशा मालिकेचा कांहीं भाग जाहिरातीच्या वेळांत धरावा असें मत दिलें. १९७१ सालीं मालिका बंद पडली. याच सुमारास, १९६८ मध्यें, मॅसॅच्युसेट्समधील पेगी शॅरन या गृहिणीनें कांहीं मातांच्या साह्यानें ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संस्था स्थापन केली होती. तिच्या चिकाटीच्या प्रयत्नांमुळें आयोगानें १९७४ सालीं एक धोरणपत्र प्रसिद्ध केलें. कार्यक्रम व जाहिरात यांच्यामध्यें स्पष्ट विभागणी असावी, आणि कार्यक्रमांतील निवेदकानें वा पात्रानें त्याच कार्यक्रमांत माल विकूं नये, असे दोन दंडक त्यांत होते.

या दंडकांचा एक परिणाम मोठा मनोरंजक झाला. कार्यक्रम थांबला, आतां जाहिराती येतील, त्यानंतर पुन्हां आपली भेट होईल, असें सांगणारे चिमुकले चलत्‌चित्रांचे तुकडे शनिवारच्या सकाळीं दिसूं लागले. जी कला आजवर सीमारेषा पुसण्यासाठीं राबविली गेली होती, तिलाच आतां सीमारेषा आंखण्याचें काम मिळालें.

इकडे मॅटेलची छापही बदलली. कंपनी आतां घरगुती राहिली नव्हती. १९५९ मध्यें आलेल्या बार्बी बाहुलीनें तिला जगभर नेलें होतें. १९७० च्या सुमारास मुकुटधारी मुलगा मागें पडला व त्याच्या जागीं दांतेरी कडांची गोल लाल मुद्रा आली. ती पूर्वीच्या लाखेच्या मोहोरेची आठवण करून देते. ती गात नाहीं कीं बोलत नाहीं. जाहिरात संपतां संपतां क्षणभर चमकून जाणें एवढेंच तिचें काम. वरवर पाहतां छाप पुन्हां मुकी झाली, म्हणजे जुनी मर्यादा परत आली, असें वाटेल. पुढील इतिहास मात्र निराळें सांगतो.

१९७८ सालीं फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार-आयोगाच्या अधिकाऱ्यांनीं सुचविलें कीं, अगदीं लहान मुलांना उद्देशून होणाऱ्या टेलिव्हिजन जाहिराती बंदच कराव्यात. व्यापारी व प्रसारक यांनीं कडाडून विरोध केला. सरकारनें काय देशाची दाई व्हावयाचें आहे काय, असा उपहास वृत्तपत्रांतून झाला. १९८० मध्यें काँग्रेसनें त्या आयोगाचे हात बांधले, आणि १९८४ सालीं कम्युनिकेशन्स कमिशननेंही मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरील वेळेचें बंधन उठविलें.

वारा कोणीकडे वाहतो आहे हें खेळण्यांच्या धंद्यानें आधींच ओळखलें होतें. मॅटेलनें १९८२ सालीं ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ हे पुतळे बाजारांत आणले, आणि १९८३ च्या सप्टेंबरांत ‘ही-मॅन’ ची व्यंगचित्रमालिका सुरू झाली. तिचे एकंदर १३० भाग निघाले. प्रत्येक भागाच्या शेवटीं मुलांना एक नीतिबोध सांगण्यांत येई. आधीं खेळणें व मागून कथा, हा क्रम येथें उघड होता. १९८७ मध्यें ‘कॅप्टन पॉवर’ या मालिकेनें याहीपुढें मजल मारली. मुलानें हातांतील खेळण्यांतील विमान पडद्याकडे रोखावें, पडद्यावरील प्रकाशाच्या संकेतांना त्यानें प्रतिसाद द्यावा, व पडद्यावरून होणारा मारा पुरेसा बसला तर वैमानिक बाहेर फेंकला जावा, अशी ती रचना होती. ज्यानें खेळणें घेतलें नाहीं, तो पाहणारा असूनही खेळाबाहेरच राहिला.

लाल मुद्रा लहान कां झाली, याचा उलगडा येथें होतो. सबंध कथाच जर मालाची छाप झाली, तर कोपऱ्यांतील छापेला मोठें होण्याची गरज काय? मॅटी मॅटेल लाघवी होता. पण त्याच्या आडनांवांतच कंपनीचें नांव होतें. ही-मॅनच्या कमरपट्ट्यावर तें नव्हतें.

अमेरिकेनें १९९० सालीं कायदा करून मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिराती शनिवार-रविवारीं तासाला साडेदहा मिनिटें व इतर दिवशीं बारा मिनिटें एवढ्या मर्यादित केल्या. खेळण्यावर रचलेल्या कथेला मात्र, तिच्यामध्यें त्याच खेळण्याची जाहिरात नसेल तर, मोकळीक राहिली. कॅनडांतील क्विबेक प्रांतानें अधिक कडक मार्ग धरला. तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिराती करण्यास तेथें १९८० पासून बंदी आहे. आयर्विन टॉय या खेळण्यांच्या कंपनीनें तिला आव्हान दिलें. परंतु १९८९ सालीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें बंदी उचलून धरली. ज्यांना प्रतिवाद करतां येत नाहीं त्यांचें रक्षण करणें उचित आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. आपल्याकडे ‘ही-मॅन’ दूरदर्शनवरून घरोघर पोहोंचला, व त्या पिढीच्या मराठी मुलांनींही टांवेलाची झूल करून लांकडी तलवारी उगारल्या. भारतांत २०२२ सालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जी मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींचा स्वतंत्र विचार आहे.

२०२३ सालीं ‘बार्बी’ हा चित्रपट आला. त्यांत मॅटेल कंपनी, तिची कचेरी व तिचें संचालक मंडळ हींच कथेंतील पात्रें झालीं, रूथ हँडलरही अवतरली, आणि कंपनीची यथेच्छ थट्टा झाली. जगभर त्याचें उत्पन्न १४० कोटि डॉलरांच्या वर गेलें. पांच लक्ष डॉलर मोजून ज्या कंपनीनें मुलांसमोर उभें राहण्याची जागा विकत घेतली होती, तिची कथा पाहण्यासाठीं आतां मोठीं माणसें तिकिटें काढीत होतीं.

कथा व खेळणें यांचें नातें मूळचेंच आहे, व त्यांत कांहीं वाईट नाहीं. रामलीला पाहून आलेलें मूल दुसऱ्या दिवशीं बांबूचें धनुष्य करतेंच. फरक एवढाच कीं, तें धनुष्य त्याला कोणी विकलेलें नसतें. छापेचें खरें काम बोलणारा कोण हें सांगण्याचें आहे. तें काम ती चोख बजावीत असेल, तर ती हलली किंवा गायली म्हणून बिघडत नाहीं. ती कथेंत विरघळून गेली, म्हणजे मात्र तें काम दुसऱ्या कोणाला तरी करावें लागतें. कायदा तें थोडेंबहुत करतो. उरलेलें घरांतल्यांकडे येतें. मुलाशेजारीं बसून पडदा पाहतांना, “हें आपल्याला कोण सांगतो आहे बरें?” एवढाच प्रश्न अधूनमधून विचारला, तरी ती वजाबाकी मूल हळूहळू स्वतः शिकूं लागेल.