एकात्मिक बाल विकास सेवा योजना (महाराष्ट्र)

एकात्मिक बाल विकास सेवा योजना ही सहा वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांच्या पोषण, आरोग्य आणि पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी केंद्र व राज्य शासनाच्या संयुक्त निधीतून चालवली जाणारी योजना होय. गावात किंवा वस्तीत ती अंगणवाडीच्या रूपाने दिसते. योजना सर्वांसाठी खुली आहे. तथापि तिच्यावर सर्वाधिक अवलंबून असतात ती अल्प उत्पन्न गटातील कुटुंबे. महाराष्ट्रात योजनेचे ५५३ प्रकल्प असून त्यांअंतर्गत सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. योजनेचे आयुक्तालय नवी मुंबई येथे आहे.

पार्श्वभूमी

‘अंगणवाडी’ ही संकल्पना व हा शब्द महाराष्ट्राच्या बालशिक्षण चळवळीतून आला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. गरीब वस्त्यांतील मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात गेले पाहिजे, हा त्यामागील विचार होता. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थलांतरित झाले आणि आदिवासी मुलांमध्ये विस्तारले. हे काम प्रामुख्याने संस्थात्मक व लोकाश्रयी होते.

१९७४ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय बाल धोरण स्वीकारले. त्याला अनुसरून २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजनेस प्रारंभ झाला. स्वयंसेवी प्रयत्नांतून रुजलेली अंगणवाडी अशा रीतीने शासकीय अंदाजपत्रकाचा भाग बनली.

सेवा व लाभार्थी

योजनेत सहा सेवांचा समावेश होतो : पूरक पोषण आहार, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा. यांपैकी शेवटच्या तीन सेवा सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या सहकार्याने दिल्या जातात.

सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांना आणि गरोदर व स्तनदा मातांना घरपोच आहार (टीएचआर) मिळतो. तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीत सकाळचा अल्पोपाहार व गरम ताजा आहार दिला जातो. वर्षातील ३०० दिवस आहार देणे अपेक्षित आहे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार हा आहार लाभार्थ्यांचा कायदेशीर हक्क आहे. कायद्याच्या मूळ परिशिष्टात बालकासाठी प्रतिदिन ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, कुपोषित बालकासाठी ८०० किलोकॅलरी व २० ते २५ ग्रॅम प्रथिने, तर गरोदर व स्तनदा मातेसाठी ६०० किलोकॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरवले होते. २०२३ मध्ये या परिशिष्टात सुधारणा होऊन सूक्ष्म पोषकतत्त्वांचाही समावेश करण्यात आला.

निधीची विभागणी

आरंभी पूरक आहाराचा खर्च राज्यांनी आणि उर्वरित खर्च केंद्राने करावा, अशी व्यवस्था होती. त्यामुळे आर्थिकदृष्ट्या दुर्बल राज्यांत अंगणवाडी असे, पण आहार नियमित नसे. २००५-०६ पासून केंद्राने आहाराचा निम्मा खर्च उचलण्यास सुरुवात केली. २००९-१० पासून उर्वरित खर्चातील केंद्राचा वाटा ९० टक्के झाला आणि २०१५-१६ पासून तो ६० टक्क्यांवर आला. आहारासाठी ५०:५० हे प्रमाण कायम राहिले. महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांना हे सूत्र लागू आहे. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत केंद्राचा वाटा अधिक असतो.

आहारासाठी प्रतिलाभार्थी प्रतिदिन दर केंद्र शासन ठरवते. सर्वसाधारण बालकासाठी हा दर २००४ मध्ये २ रुपये होता. तो २००८ मध्ये ४ रुपये, २०१२ मध्ये ६ रुपये आणि २०१७ मध्ये ८ रुपये करण्यात आला. २०१७ च्या सुधारणेत तीव्र कमी वजनाच्या बालकासाठी १२ रुपये आणि गरोदर व स्तनदा मातेसाठी ९ रुपये ५० पैसे असा दर निश्चित झाला. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हे दर वाढवण्याची घोषणा करण्यात आली.

कायद्याने आहारातील उष्मांक व प्रथिने निश्चित केली आहेत. ती विकत घेण्यासाठी लागणारी रक्कम मात्र प्रशासकीय आदेशाने ठरते आणि ती महागाई निर्देशांकाशी आपोआप जोडलेली नाही. डाळ, तेल व भाजीपाल्याचे भाव वाढतात, तेव्हा हक्क तोच राहतो, पण त्याच रुपयांत मिळणारे अन्न कमी होते. योजनेसाठी केंद्राकडून सवलतीच्या दराने गहू व तांदूळ उपलब्ध होत असल्याने हा ताण काही अंशी हलका होतो.

शासनापासून गावापर्यंत : गोंदिया जिल्ह्याचे उदाहरण

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानाची शेती व भातगिरण्या यांसाठी तो ओळखला जातो. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके होत.

गोंदिया शहरालगतच्या मुर्रीसारख्या गावातील बालकापर्यंत योजना पोहोचण्याचा प्रशासकीय क्रम राज्याच्या इतर ग्रामीण भागांप्रमाणेच आहे. केंद्राचा हिस्सा राज्य शासनाकडे येतो. राज्य त्यात आपला हिस्सा घालून आयुक्तालयामार्फत जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे निधी सोपवते. तालुका पातळीवर बाल विकास प्रकल्प अधिकारी, त्यांच्या हाताखाली ठरावीक अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिका, आणि प्रत्यक्ष केंद्रात अंगणवाडी सेविका व मदतनीस अशी ही उतरंड आहे. गरम ताजा आहार शिजवून देण्याचे काम बहुतांश ठिकाणी महिला बचत गटांकडे असते. गटांना आधी खर्च करून नंतर देयक सादर करावे लागते. त्यामुळे वरच्या कोणत्याही टप्प्यावर निधी अडकला, तर त्याचा भार अखेरीस बचत गटावर व गावातील किराणा दुकानाच्या उधारीवर पडतो.

ग्रामीण भागात साधारणतः ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असा निकष आहे. चाळीस बालके असलेली एक अंगणवाडी उदाहरणादाखल घेतली, तर प्रतिबालक ८ रुपये दराने २५ दिवसांच्या महिन्यात आहारावर ८,००० रुपये आणि ३०० दिवसांच्या वर्षात ९६,००० रुपये खर्च मान्य होतो. त्यातील ४८,००० रुपये केंद्राचे व तेवढेच राज्याचे असतात. हजेरी व नोंदणीच्या आधारे ही रक्कम ठरत असल्याने सेविकेने ठेवलेल्या नोंदी हाच निधीचा पाया असतो. २०२१ पासून या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या भ्रमणध्वनी उपयोजनावर भरल्या जातात.

इमारतीसाठी वेगळा निधी लागतो. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेशी सांगड घालून अंगणवाडी बांधताना १२ लाख रुपयांच्या अंदाजित खर्चापैकी ८ लाख रुपये रोजगार हमीतून, २ लाख वित्त आयोगाच्या अनुदानातून आणि २ लाख महिला व बाल विकास विभागाकडून घेण्याची तरतूद करण्यात आली. याशिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी व जिल्हा परिषदांनी स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करणे अपेक्षित आहे. अंगणवाडीतील खेळणी, भांडी, वजनकाटे किंवा दुरुस्ती यांसाठी हा स्थानिक निधी उपयोगी पडतो. मात्र ज्या ग्रामपंचायतीचे उत्पन्नच कमी, तेथे हे दहा टक्केही अल्प असतात.

आदिवासी क्षेत्रासाठी अतिरिक्त तरतूद

राज्य शासनाने २०१५ मध्ये आदिवासी क्षेत्रातील गरोदर स्त्रिया व स्तनदा मातांसाठी भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तीनुसार मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार मिळतो. पुढे त्या क्षेत्रातील बालकांसाठी अंडी किंवा केळी देण्यास सुरुवात झाली. हा खर्च आदिवासी विकास विभागाच्या तरतुदीतून होतो. गोंदिया जिल्ह्यातील देवरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आदिवासी क्षेत्राबाहेरील गावांना मात्र सर्वसाधारण दरानेच आहार दिला जातो. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील दोन अंगणवाड्यांत बालकांच्या ताटातील पदार्थ वेगवेगळे असू शकतात.

न्यायालयीन निर्णय

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी अंतरिम आदेश देऊन योजनेतील आहार प्रत्येक पात्र बालकाला मिळावा, असे बजावले. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशाने आहार पुरवठ्यात कंत्राटदारांचा वापर करण्यास मनाई करण्यात आली. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात देशभरात १४ लाख अंगणवाड्या उघडण्यास, तसेच केंद्र नसलेल्या वस्तीत किमान ४० बालके असल्यास मागणीनंतर तीन महिन्यांत अंगणवाडी देण्यास सांगण्यात आले.

महाराष्ट्रातील घरपोच आहाराच्या पुरवठ्याचा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयात गेला. वैष्णोराणी महिला बचत गट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणी २६ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने राज्याची २०१६ ची निविदा प्रक्रिया रद्द ठरवली. गावपातळीवरील बचत गटांना डावलून मोठ्या पुरवठादारांना अनुकूल ठरतील अशा अटी घालता येणार नाहीत, हा या निर्णयाचा गाभा होता.

सेविका व मदतनीस यांचे मानधन

अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना वेतन नव्हे, तर मानधन मिळते. केंद्राने १ ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचे मानधन दरमहा ३,००० वरून ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० रुपये केले. या रकमेत केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असा असतो. त्यापुढील वाढ राज्य स्वतःच्या तिजोरीतून देते. महाराष्ट्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात सेविकेचे मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये आणि मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये करण्याची घोषणा झाली. या हिशेबाने सेविकेच्या १०,००० रुपयांत केंद्राचा वाटा २,७०० रुपये, तर राज्याचा ७,३०० रुपये होता.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात सेविका व मदतनीस उपदान मिळण्यास पात्र असल्याचा निर्णय दिला. मानधनवाढ, उपदान व निवृत्तिवेतन या मागण्यांसाठी महाराष्ट्रातील सेविकांनी ४ डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून अधिक काळ संप केला. केंद्राचे बहुतेक काम या दोघींवर अवलंबून असल्याने संपकाळात आहार व वजननोंदणी या दोन्ही सेवा विस्कळीत झाल्या.

परिणाम व मर्यादा

महाराष्ट्राने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील दोन वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते; २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात ते २३ टक्के आढळले. त्यानंतरची प्रगती मंदावली. पाच वर्षांखालील बालकांमध्ये खुरटेपणाचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के, २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के होते. २०१५-१६ व २०१९-२१ या दोन्ही सर्वेक्षणांत उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बालकांचे प्रमाण २५.६ टक्केच राहिले.

कुपोषणाला आहाराबरोबरच मातेचे आरोग्य, कमी वयातील विवाह, पाणी, स्वच्छता व कुटुंबाचे उत्पन्न ही कारणे असतात. त्यामुळे या आकड्यांचे श्रेय किंवा दोष एकट्या अंगणवाडीला देता येत नाही. तीन वर्षांखालील बालकाचा आहार घरी जात असल्याने तो कुटुंबात वाटला जातो, ही या योजनेची एक मान्य मर्यादा आहे. तीव्र कुपोषित बालकांसाठी ग्राम बाल विकास केंद्र, बाल उपचार केंद्र आणि पोषण पुनर्वसन केंद्र अशी टप्प्याटप्प्याची व्यवस्था आहे.

संबंधित योजना

अल्प उत्पन्न कुटुंबांतील बालकांसाठी इतरही शासकीय योजना आहेत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मातेला मिळतात. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींना लेक लाडकी योजनेत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये देय आहेत. अनाथ, एकपालक वा संकटग्रस्त बालकांच्या संगोपनासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असून तिचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,१०० वरून २,२५० रुपये करण्यात आले. या योजनांत पैसा थेट खात्यात जमा होतो, तर अंगणवाडीत तो सेवेच्या रूपाने मिळतो. २०२१-२२ पासून अंगणवाडी सेवा व पोषण अभियान ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या एकाच छत्राखाली आणण्यात आले आहेत.