प्रभातचे चुकणारे नायक

औरंगपुऱ्याला लागून असलेल्या पैठण दरवाज्याची वाट पुढें नाथांच्या पैठणास जाते. त्या नाथांचें चरित्र प्रभात कंपनीनें १९३५ सालीं ‘धर्मात्मा’ या बोलपटांत मांडलें. नाथांची भूमिका बालगंधर्वांनीं केली. संतपटांतील नायक स्वतः बदलत नाहीं. सर्व माणसें ईश्वराला सारखींच, हें सत्य त्याला आरंभापासून ठाऊक असतें. शिकावयाचें असतें तें भोंवतालच्या समाजाला. असा नायक वंदनीय खरा. परंतु प्रेक्षक त्याला मनोमन नमस्कार करून निर्धास्तपणें घरीं परततो.

प्रभातनें संतपट पुढेंही काढले. पण १९३७ सालीं ‘कुंकू’मध्यें एक निराळाच पुरुष पडद्यावर आला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं हा बोलपट केला. नीरा (शांता आपटे) ही फसवून एका वयस्क वकिलाच्या गळ्यांत बांधलेली तरुणी. ती त्याच्या घरांत राहते, परंतु या लग्नाला लग्न मानीत नाहीं. नीरा अखेरपर्यंत आपल्या जागेवरून ढळत नाहीं. बदलतात ते तिचे पति काकासाहेब.

केशवराव दात्यांनीं रंगविलेले हे काकासाहेब दुष्ट नाहींत, आणि हेंच चित्राचें मर्म होय. अक्षता पडल्या कीं पतीचा हक्क आपोआप मिळतो, ही समजूत त्यांनीं स्वतः रचलेली नव्हती. रूढीनें ती त्यांना वारशांत दिली होती. असें वारशानें आलेलें असत्य सोडणें फार कठीण, कारण तें असत्य आहे असें कोणी म्हणतच नाहीं. कलप लावून ते वय लपवूं पाहतात. भिंतीवरचें जुनें घड्याळ तें उघड करतें. कोणाच्या व्याख्यानानें नव्हे, तर एका मुलीच्या न डगमगणाऱ्या नकारानें त्यांची समजूत हळूहळू झिजत जाते. अखेर ते नीरेला पुनर्विवाहाची मोकळीक देऊन आत्महत्या करतात.

येथें आम्हांस थांबावेंसें वाटतें. विधवेचा पुनर्विवाह १८५६ च्या कायद्यानें वैध झाला होता, तरी समाजाच्या मनांत तो मुरला नव्हता. म्हणजे काकासाहेबांचें प्रायश्चित्त नीरेला मुक्त करतें आणि त्याच क्षणीं तिच्या कपाळीं वैधव्य आणतें. त्यांना उमगलेलें सत्य जगून दाखविण्याचा भार तिच्यावरच पडतो.

पुढें १९४१ च्या ‘शेजारी’तही असेंच घडतें. जिवबा (पुन्हां केशवराव दाते) आणि मिर्झा (गजानन जागीरदार) हे जिवलग मित्र. धरण बांधणाऱ्यांच्या कारस्थानानें त्यांच्यांत वितुष्ट येतें. मंदिर आणि मशीद यांच्या सावल्यांत वाढलेल्या आमच्या शहराला ही कथा परकी नाहीं. मित्रांचे डोळे उघडतात, तों धरण फुटतें आणि दोघेही प्राणांस मुकतात.

या दोहोंच्या मधला १९३९ चा ‘माणूस’ मात्र दुसरी वाट धरतो. प्रेमभंगानंतर उरतें तें मरण, ही समजूत ‘देवदास’नें प्रेक्षकांच्या मनांत रुजविली होती. पोलीस शिपाई गणपत (शाहू मोडक) याच समजुतीच्या काठावर येऊन उभा राहतो. वेश्यावस्तींतील मैना (शांता हुबळीकर) हिला तो घर देऊं पाहतो. पण आपला डाग धुतला जाणार नाहीं, असें मैनेनें मनाशीं धरलें आहे. ती निघून जाते, तिच्या हातून खून होतो आणि ती तुरुंगांत जाते. गणपत खचतो, मात्र शेवटीं आपल्या कर्तव्याकडे परततो.

मैनेची समजूत सुटत नाहीं आणि गणपतची सुटते, यांतील भेद आमच्या मतें स्वभावाचा नाहीं. गणपतला परतावयास आईचें घर होतें आणि समाजांत मानाची जागा होती. मैनेला त्यांपैकीं कांहींच नव्हतें. माणसानें असत्य टाकावें, असें सांगणें सोपें आहे. तें टाकल्यावर त्याला उभें राहावयास जागा कोण देणार, हा प्रश्न या बोलपटांनीं प्रेक्षकांपुढें ठेवला. आणि त्याचें उत्तर नायकाकडून नव्हे, प्रेक्षकांकडूनच यावयाचें होतें.