मराठी वैद्यक-ग्रंथकार डॉ. सखाराम अर्जुन

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये मराठीतून वैद्यक शिकविण्याचा वर्ग निघाला. परंतु पाठ्यपुस्तकांची उणीव मोठी होती. ती भरून काढणाऱ्यांत डॉ. सखाराम अर्जुन राऊत (१८३९-१८८५) हे प्रमुख होत. रोगचिकित्सा आणि प्रसूतिशास्त्र या विषयांवर त्यांनी मराठीत ग्रंथ रचिले. मुंबईतील औषधींची इंग्रजी सूची १८७९ मध्ये सिद्ध केली. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि ते, असे दोघेच भारतीय होते. त्यांच्या घरी वाढलेल्या सावत्र कन्या रखमाबाई पुढे स्वतः डॉक्टर झाल्या.

कालांतराने वैद्यकाच्या शिक्षणाची भाषा इंग्रजीच झाली आणि हे ग्रंथ मागे पडले. तथापि आपल्या भाषेत शास्त्र सांगता येते, ही त्यांची साक्ष मराठी मुलखापासून दूर, माळव्यात मराठी ग्रंथ जपणाऱ्यांस आजही मोलाची वाटावी.