चिंचेचं झाड सगळ्यांना ठाऊक, फुटलेली तळी कुणालाच नाहीत

अफझलगंजचा विषय निघाला की आपल्या मराठी घरांत पहिली गोष्ट निघते ती उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेची. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीला पूर आला, तेव्हा दीडशेएक माणसं त्या झाडावर चढून वाचली. झाड अजून उभं आहे. गोष्ट खरी आहे आणि सांगण्यासारखीही आहे. पण झाड वाचलेल्यांचं. पाणी एवढं आलं कुठून, हा प्रश्न त्यात कुणी विचारत नाही. आज त्याबद्दल लिहितो.

आधी नुसता अंदाज यावा म्हणून थोडे आकडे. शमशाबादला 48 तासांत सुमारे 19 इंच पाऊस पडला. शहरात 15 हजारांच्या आसपास माणसं गेली असं साधारणपणे धरलं जातं, काहीजण आकडा बराच वर नेतात. अफझलगंजचा पूल गेला, मुसल्लम जंगचा गेला, चादरघाटचा गेला. टिकला तो कुतुबशाहीतला पुराना पूल. सालारजंगांच्या काळात उभा राहिलेला अफझलगंजचा जुना दवाखानाही पुराने पाडला. उर्दू शायर अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर वाहून गेल्या. ते स्वतः वाचले.

आता मूळ मुद्दा. पुढच्या वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. आपल्या लोकांना त्यांचं नाव म्हैसूरमुळे माहीत असतं, पण ते पुण्यात शिकले आणि मुंबई सरकारच्या नोकरीत नाशिक, खानदेश, पुण्यात वर्षानुवर्षं होते. खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले तेही त्यांनीच. ती नोकरी सोडली आणि 1909च्या एप्रिलमध्ये हैदराबादेत आले. त्यांनी वरच्या खोऱ्याचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की तिथे 788 तळी होती आणि त्यातली 221 त्या पावसात फुटली.

221! हा आकडा मला चिंचेच्या झाडापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

तेलंगणातली तळी एकेकटी नसतात, साखळीने असतात. वरच्या तळ्याचं जादा पाणी अलुगूवरून, म्हणजे आपल्याकडच्या सांडव्यावरून, खालच्या तळ्यात उतरतं, तिथून पुढच्यात. पावसाचं पाणी साठवायची ही पद्धत कष्टाची, शहाणपणाची. पण एक कट्टा फुटला की त्याचं सगळं पाणी एकदम खालच्या कट्ट्यावर आदळतं. तो स्वतःच्या पाण्याला पुरेल असा बांधलेला, दोघांचं कसं पेलणार? मग तिसऱ्याची पाळी. अफझलगंजात शिरलं ते नुसतं आभाळाचं पाणी नव्हतं. त्यात फुटलेल्या तळ्यांनी साठवून ठेवलेलं पाणी होतं, आणि ते शहराला ओळखत नव्हतं.

प्रत्येक तळ्याला राखणदार असे, नीरडी. गावकामगारांत त्याचा मान सगळ्यात खालचा, काम मात्र असं की चुकलं तर गाव जाईल. तूम कधी उघडायचा, कुणाच्या शेताला किती पाणी, कट्ट्यात उंदरांनी बीळ केलंय का, अलुगूपुढे झुडपं वाढलीत का, हे सगळं तो बघायचा. माझ्या आजीचं माहेर शंकरपल्लीकडचं, घराणं पटवाऱ्याचं. ती सांगायची, पावसाळ्याच्या तोंडाशी नीरडी पोरांना जमवून दम द्यायचा. तूमाजवळ पोहायचं नाही, आत खेचतं. अलुगूवरून पाणी जात असेल तर घोट्याइतकंच दिसलं तरी ओलांडायचं नाही. पिण्याचं पाणी तळ्यात हात घालून घ्यायचं नाही, कडेला वाळूत झिरा खणायचा, पाझरलेलं घ्यायचं, वर दुहेरी फडक्याने गाळायचं. पुढे गौळीगुड्यात नळ आला तरी आजीचं गाळणं सुटलं नाही. नळाच्या तोंडाला फडकं, हंड्यात तुरटी. आम्ही हसायचो.

विश्वेश्वरय्यांनी सुचवलं की शहराच्या वर पूर अडवणारे मोठे तलाव बांधा, एक मुसीवर, एक ईसीवर. 1920 मध्ये उस्मानसागर झाला, 1927 मध्ये हिमायतसागर. नवाब अली नवाज जंग यांच्यासारखे इथलेच इंजिनिअर त्या कामात होते. पूर अडवायला बांधलेले हे तलाव शहराला पाणीही पाजू लागले. गंडीपेटचं पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही, हे आपल्या घरांतही म्हणतातच. नांदेड, बीड, लातूरहून ‘दोन वर्षांसाठी’ आलेल्यांची चौथी पिढी इथे नांदतेय, तेव्हा त्यात काहीतरी तथ्य असावं!

पण इथे एक अडचण आहे आणि ती कुणी नीट समजावून सांगत नाही. पूर अडवायचा तर तलावात जागा रिकामी हवी. पाणी प्यायचं तर तलाव भरलेला हवा. भरलेल्या तलावावर मोठा पाऊस आला की दरवाजे उघडण्याखेरीज इलाज नसतो. 2025च्या सप्टेंबरअखेर नेमकं हेच झालं. दोन्ही तलावांचे दरवाजे उघडले आणि अफझलगंजच्या शेजारचं इमलीबनचं बसस्थानक पाण्यात गेलं. आपण जिथून नांदेडची गाडी पकडतो तिथे रात्री प्रवासी अडकले, त्यांना दोर लावून काढावं लागलं. 1908ची तारीख आणि ही रात्र, मध्ये कॅलेंडरवर एक-दोन दिवसांचं अंतर.

वरच्या खोऱ्याचं म्हणाल तर 1996 मध्ये 111 नंबरचा सरकारी आदेश निघाला. दोन्ही तलावांभोवती 10 किलोमीटरपर्यंत, 84 गावांत, मोठ्या बांधकामांना बंदी. 2022 मध्ये ती बंदी उठवली. दुसरीकडे 2015पासून मिशन काकतीयात राज्यातली 46 हजारांहून जास्त तळी दुरुस्त करायचं ठरलं. गाळ काढणं, कट्टे बांधणं, चांगलंच काम. पण गाळ यंत्राने निघतो, रात्री कंदील घेऊन कट्ट्यावर फिरणारा नीरडी यंत्राने येत नाही. 2020च्या ऑक्टोबरात बालापूरजवळच्या गुर्रम चेरुवूचा कट्टा फुटला आणि जुन्या शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरलं. तळं एकच, आणि तेवढ्याने काय झालं ते आपण टीव्हीवर पाहिलं.

आता तुमच्याकडून एक हवं आहे. गौळीगुडा, इसामिया बाजार, सुलतान बाजार इथल्या जुन्या घरांपैकी कितीतरी जणांचं आजोळ विकाराबाद, चेवेळ्ळा, शमशाबादच्या पट्ट्यातलं आहे. तिथल्या तळ्याचं नाव घरात कुणाला आठवतं का? ते अजून आहे, की त्यावर प्लॉट पडलेत? अलुगू कुठल्या बाजूला होता? पत्रिका, जुनी खाती, पटवारी दप्तरातले कागद असतील तर त्यांचे फोटो टाका. मी शंकरपल्लीपासून सुरुवात करतोय, पुढच्या रविवारी जाऊन येतो.